भूमिपूजनाचा खड्डा

भूमिपूजनाला पुढारी कुदळ मारतो तेव्हा ती पहिल्याच घावाला कशी झकास जमिनीत रुतते, हे तुम्ही पेपरातल्या फोटोत पाहिलं असेल. त्या पुढाऱ्याच्या अंगात फार बळ आहे असं वाटलं असेल तर ते डोक्यातून काढून टाका. आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही मंडपवाले ती जागा हातभर खणतो, ढेकळं फोडतो, खडे वेचतो, पाणी शिंपडतो आणि माती पुन्हा अलगद भरून ठेवतो. वरून सडा-रांगोळी. सकाळी तिथं चमचा मारला तरी आत जाईल. कुदळही आमचीच असते. लोहाराकडून मुद्दाम हलकी करून घेतलेली, दांड्याला सोनेरी कागद आणि लाल फीत गुंडाळलेली. तिनं जन्मात कधी अळूचा कंद उपटलेला नाही, पण ती जितक्या वेळा पेपरात छापून आली तितक्या वेळा एखादा आमदारही आला नसेल.

ही युक्ती काही मला आईच्या पोटातून आली नाही. धंद्याच्या सुरुवातीला दौंडच्या बाजूला एका गावात समाजमंदिराचं भूमिपूजन होतं. जमीन मुरमाड. उमेदवार चांगले दांडगे, पैलवानी अंगाचे. त्यांनी बाह्या सरसावल्या आणि कॅमेऱ्याकडं बघत कुदळ हाणली. ठण्ण आवाज झाला, कुदळ उलटी उडाली आणि त्यांच्याच बुटावर बसली. बूट जाड म्हणून बोटं वाचली. पण सगळा गाव हसला आणि पुढं ते निवडणुकीतही पडले. त्यानंतर जो भेटेल त्याला ते सांगत सुटले, "मला इरोधकांनी न्हाई पाडलं. ह्या मांडववाल्यानं पाडलं." तेव्हापासून मी जमीन आधीच मऊ करून ठेवायला लागलो. पुढं शिरूर-दौंड पट्ट्यात माझं नाव झालं ते त्याच्यावरच. 'सदामामाचा मांडव असला की कुदळ फसत नाही,' असं कार्यकर्ते एकमेकांना सांगायचे आणि मलाही ते ऐकून बरं वाटायचं.

मंडपाच्या धंद्यात चार प्रकारची कामं. लग्न, दहावा, सप्ताह आणि निवडणूक. त्यातलं निवडणुकीचं काम सगळ्यात बेभरवशाचं. स्टेज वीस माणसांचं सांगतात आणि वर साठ चढतात. त्यामुळं मी सांगितल्यापेक्षा दुप्पट टेकू देतो आणि कुणाला त्याबद्दल बोलत नाही. एका उमेदवारानं खुर्ची दोन विटा लावून उंच करायला लावली होती, कारण शेजारचा नेता उंच होता. एका प्रभागात जागा महिलांसाठी राखीव झाली. उमेदवार बाई मागच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर आणि त्यांचे मालक पुढं सोफ्यावर. भाषण मालकांनी केलं, आभार मालकांनी मानले, हार तेवढा बाईंच्या गळ्यात घातला.

आणि प्रत्येक सभेत ती यादी असते. 'आमचे प्राधान्यक्रम.' मी स्टेजच्या मागं वायरी धरून उभा असतो, त्यामुळं ही यादी मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकली आहे की उमेदवार मधेच अडखळला तर मागून मी सांगू शकतो. रोज पाणी, बंदिस्त गटार, दिवाबत्ती, वाचनालय, ज्येष्ठांसाठी बाकडी आणि बाजारतळावर महिलांसाठी स्वच्छतागृह. पक्ष बदलतात, हाराची फुलं बदलतात, यादी तीच. पुढं काय होतं तेही तेच.

आता मी जे सांगणार आहे ते ज्या गावात घडलं त्याचं नाव मी घेत नाही. ते नगरपरिषदेचं गाव आहे आणि या दोन तालुक्यांच्या टापूतलंच आहे, एवढं पुरे. नाव घेतलं तर बाकीच्या गावांना वाटेल की आपण सुटलो.

माझं गोडाऊन तिथल्या बाजारतळाला लागून आहे. आठवड्याच्या बाजाराला आजूबाजूच्या खेड्यांतून बाया माळवं घेऊन येतात. त्यातल्या पारूआक्का न्हावऱ्याच्या. मेथी, कोथिंबीर, शेपू घेऊन भल्या पहाटेच्या जीपनं यायच्या आणि माझ्या गोडाऊनच्या भिंतीला पाठ लावून बसायच्या. सावली असायची म्हणून. वय पन्नाशीच्या पुढं, आवाज खणखणीत, गिऱ्हाइकाला हाडतूड करायच्या आणि वर एक जुडी फुकट द्यायच्या. उन्हाळ्यात मी त्यांना माठातलं पाणी द्यायचो. त्या तांब्या घ्यायच्या, चूळ भरायच्या आणि पाणी थुंकून टाकायच्या. प्यायच्या नाहीत.

मला वाटायचं, उपास असेल. एकदा विचारलंच.

"अवो मामा, पाणी पिलं की जावं लागतंय," त्या म्हणाल्या. "जायाचं कुठं? आधी वढ्याच्या पल्याड ऊस व्हता. आता तिथं पलाट पडलं, कंपाउंड झालं, वाचमन बसला. तुम्हा बापयांचं बरं हाय. कुठल्याबी भितीला तोंड केलं की झालं."

ती भिंत माझ्याच गोडाऊनची होती, आणि तिच्या मागच्या बाजूला कायम ओल असायची.

त्यानंतर मी बघायला लागलो. तो सगळा बाजार, तळेगाव ढमढेऱ्याच्या बाया, न्हावऱ्याच्या, कुठल्या कुठल्या, हिरव्या भाज्यांवर सारखं पाणी मारत होत्या आणि स्वतः घोटभर पीत नव्हत्या. उन्हात दिवसभर ओठ सुकवून बसायच्या. अंधार पडल्यावर घरी जाऊन मोकळ्या व्हायच्या. हे पुण्यापासून फार लांब नाही. इथून मोटारीनं निघालं तर दुपारच्या जेवणाला माणूस पुण्यात पोचतो.

या बाजारतळाच्या कोपऱ्यात महिला स्वच्छतागृहाचं पहिलं भूमिपूजन झालं त्याला आता बरीच वर्षं झाली. खड्डा मी मऊ केला होता. भटजींनी पूजा सांगितली. तांब्याच्या गडूत चांदीचा नाग, सुपारी आणि नाणं घालून तो खड्ड्यात पुरला. पेढे वाटले. पारूआक्कांनी पेढा खाल्ला आणि मला विचारलं, "मामा, दिवाळीपातुर हुईल का वो?" मी म्हटलं, "होईल की." पुढं तिथं एक वीट आली नाही. कुणी म्हणालं निधी वळवला, कुणी म्हणालं जागेचा वाद आहे, कुणी म्हणालं ठेकेदार पळाला.

दुसरं भूमिपूजन दीपकशेठनं केलं. दीपकशेठ म्हणजे आमच्या प्रभागाचा उमेदवार. तरुण, गोड बोलणारा, कुणाच्याही दहाव्याला हजर. आचारसंहिता लागायच्या तोंडावर नारळ फोडायची सगळ्यांची घाई चालली होती, त्यात हाही. मी माझा माणूस गुलाब, जो माझ्याकडं ऐन उमेदीपासून आहे, त्याला खड्डा मऊ करायला पाठवला. थोड्या वेळानं तो हातात काहीतरी घेऊन आला. मातीनं भरलेला गडू. आत सुपारी कुजलेली, नाणं काळं पडलेलं आणि चांदीचा नाग मात्र होता तसा फणा काढून.

मी तो दीपकशेठला नेऊन दाखवला. म्हटलं, मागच्या वेळचा आहे. आता तरी त्याला ओशाळल्यासारखं होईल असं मला वाटलं होतं. त्यानं नाग उलटासुलटा करून पाहिला आणि हसून म्हणाला, "शकुनच हाय की मामा. पुसून घ्या आन् ह्योच वापरा. नवा कशापायी आणायचा?"

तोच नाग चिंचेनं घासून आम्ही पुन्हा पुरला. पेढे वाटले. या वेळी पारूआक्कांनी पेढा घेतला नाही.

दीपकशेठ ती निवडणूक थोडक्यात हरला. मग नगरपरिषदेची मुदत संपली, निवडणुका लांबल्या, प्रशासक आला, आणि प्रशासकाला कुणी यादी विचारत नाही. मधल्या काळात पारूआक्का बाजारातच एकदा कळ येऊन आडव्या झाल्या. भाजीच्या पाटीवरच पडल्या. गुलाबनं आणि मी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मुतखडा निघाला. डॉक्टरांनी मागून आलेल्या त्यांच्या सुनेला बजावून सांगितलं की यांना दिवसभर भरपूर पाणी पाजा, नाहीतर मूत्रपिंड जाईल. सून मान डोलवत राहिली. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "मामा, घरी पाजीन. बाजाराच्या दिवशी काय करू?"

आक्का बऱ्या होऊन पुन्हा बाजारात आल्या तेव्हा त्यांच्याजवळ पाण्याची बाटली होती. डॉक्टरांच्या भीतीनं एक घोट घ्यायच्या आणि मग अस्वस्थ होऊन इकडंतिकडं बघायच्या. दुपारी अर्धा माल पडेल भावात टाकून घर गाठायच्या. म्हणजे एका बाईनं मूत्रपिंड राखायचं की धंदा, एवढाच प्रश्न होता. आणि तो सोडवायला चार भिंती आणि एक दार लागत होतं.

परवाच्या निवडणुकीत दीपकशेठ पुन्हा उभा राहिला. त्याची मुख्य सभा बाजारतळावरच, आणि बाजाराच्याच दिवशी, म्हणजे गर्दी आयती. पुण्याहून पक्षाचे मोठे साहेब येणार होते. स्टेज, सोफे, पंखे, सगळं सांगून झाल्यावर दीपकशेठ हळूच म्हणाला, "मामा, सायबांसाठी व्हीआयपी टॉयलेट लागंल. चांगलं मागवा, हयगय नको."

मी भाड्यानं फिरतं मागवलं. सकाळी टेम्पोनं आलं. आत टाइल्स, आरसा, बेसिन, पंखा, अत्तराची बाटली. गुलाबनं आणि टेम्पोवाल्यांनी ते स्टेजच्या मागं सपाट जागा बघून ठेवलं. सपाट जागा कुठली, तर जिथं दोनदा भूमिपूजन झालं होतं तीच. पाण्याची टाकी भरली, दारापर्यंत लाल जाजम घातलं, दोन्ही बाजूंना कुंड्या मांडल्या. ज्या जागेवर इतकी वर्षं एक वीट लागली नव्हती तिथं दोन तासांत स्वच्छतागृह उभं राहिलं. ना निधीचा प्रश्न, ना जागेचा वाद.

सभा सुरू झाली. दीपकशेठनं माइक धरला. "माझा प्राधान्य क्रमांक एक! माझ्या बाजारात बसणाऱ्या माता-भगिनींचा सन्मान! त्यांच्यासाठी अद्ययावत स्वच्छतागृह!" टाळ्या पडल्या. मी स्टेजच्या पुढं एका स्पीकरची घरघर थांबवत होतो. मागं काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. नंतर गुलाबनं सांगितलं ते असं.

भाषण चालू असताना पारूआक्का हातात तांब्या घेऊन त्या लाल जाजमापाशी आल्या. तिथं एक कार्यकर्ता उभा होता.

"कुठं निघालाव, मावशी?"

"जरा जाऊन येते की बाबा. डाक्टरनी पाणी प्यायला सांगितलंय. लई कळ लागलीया."

"आवो हे सायबांसाठी हाय."

"सायेब तर अजून आलं न्हाईत. म्या काय घेऊन जाती का काय ते? आली आन् गेली."

"जाजम खराब हुईल. तिकडं व्हा, मावशी. आपलं पक्कं हुणारच हाय. ऐका की, आत्ता तेच सांगायल्यात शेठ."

वरून स्पीकरवर आक्कांचाच सन्मान चालला होता. मग त्या वळल्या. गुलाब टॉयलेटची किल्ली आणायला माझ्याकडं धावला. मी हातातलं काम टाकून आलो तोवर त्या पाटी डोक्यावर घेऊन जीपकडं निघून गेल्या होत्या. त्यांच्या बसायच्या जागेवर दोन जुड्या कोथिंबीर तेवढी पडली होती.

साहेब उशिरा आले, दहा मिनिटं बोलले आणि गाडीत बसून गेले. टॉयलेटकडं त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. संध्याकाळी टेम्पोत चढवताना मी आत डोकावलो. भांड्यावर लावलेली कागदाची पट्टी तशीच होती, कुणी फाडलेली नव्हती. मला असा संताप आला की मी दारापाशची कुंडी लाथेनं उडवली. कुंडी माझीच होती, फुटली.

दीपकशेठला मी तोंडावर बोललो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "मामा, ते भाड्याचं व्हतं. आपल्याला आपल्या मायभगिनींना भाड्याचं न्हाई द्यायचं. आपण पक्कं देणार."

तो निवडून आला. महिन्या-दोन महिन्यांत निरोप आला, प्राधान्य क्रमांक एकचं भूमिपूजन, बाजाराच्या दिवशी सकाळी, तीच जागा. आदल्या संध्याकाळी गुलाब फावडं घेऊन निघाला तेव्हा मी त्याला अडवलं.

"राहू दे. सडा टाक, रांगोळी काढ. जमिनीला हात लावू नको."

गुलाबनं फावडं खाली टेकवलं. "मामा, दौंडचं इसरलाव व्हय?"

"नाही विसरलो," मी म्हटलं.

सकाळी सगळे जमले. फोटोग्राफर, सनई, नारळ, फेटे. दीपकशेठनं सोनेरी कुदळ उचलली, कॅमेऱ्याकडं बघून हसला आणि घाव घातला. वर्षानुवर्षं गाड्या, खुर्च्या, बाजार आणि सभा यांनी दाबून दगड झालेली जमीन ती. ठण्ण आवाज झाला. कुदळ हातातून सुटता सुटता राहिली. त्यानं पुन्हा मारली. पुन्हा ठण्ण. सोनेरी कागद सुटून लोंबायला लागला. सनईवाला थांबला. भाजीच्या ओळीतून एक बाई फिसकन हसली आणि मग सगळी ओळच हसायला लागली.

दीपकशेठनं माझ्याकडं असं पाहिलं की त्याच्या डोळ्यांत सगळा हिशेब दिसला. मी माझ्या वायरी गुंडाळत राहिलो.

तेवढ्यात पारूआक्का उठल्या. पदर खोचला आणि माझ्यासमोर आल्या. "मामा, ती खेळण्यातली कुदळ ऱ्हाऊ द्या. तुमची पहार द्या."

मंडपाचे खुंट ठोकायला आमच्याकडं जाड लोखंडी पहार असते. मी ती दिली.

"आक्का, आवो तुम्ही कशाला, तुमाला बरं नसतं," दीपकशेठ म्हणाला.

"सरका, शेठ. आमी जलमभर मातीच खणलीया."

त्यांनी पहार उचलली आणि मारली. एक, दोन, चार. जमिनीचा टवका उडाला. शेपूवाली उठली, भेंडीवाली उठली. एकीनं गोडाऊनमधून फावडं आणलं, एकीनं घमेलं. गुलाब आणि माझी माणसंही उतरली. फोटोग्राफरला कळेना कुणाचा फोटो काढायचा. थोड्या वेळानं पहार गडूवर आपटली. आक्कांनी तो बाहेर काढला, नाग पदरानं पुसला आणि दीपकशेठच्या हातावर ठेवला.

"ह्यो तुमचा. खड्डा आमाला लागतोय."

दीपकशेठ नाग हातात धरून, फेटा बांधलेला तसाच गाडीत जाऊन बसला. बायांनी खणायचं थांबवलं नाही. दुपारपर्यंत खड्डा कंबरेच्या वर गेला. मी गोडाऊनमधल्या दोन शहाबादी फरश्या त्यावर आडव्या टाकल्या, चार खुंट ठोकले आणि भोवती कनात लावली. कनात म्हणजे मंडपाच्या बाजूचा उभा पडदा. घाईत हाताला आली ती लग्नातली होती, लाल-पिवळी, वर 'हार्दिक स्वागत' लिहिलेली. पारूआक्का पहिल्या आत गेल्या. बाहेर आल्या, बाटली उघडली आणि सगळ्या बाजारासमोर घटाघटा पाणी प्यायल्या. मी कितीतरी लग्नांचे मांडव घातले, पण माझ्या मांडवाचं इतकं चीज कधी झालं नव्हतं.

मात्र याचं कुणी कौतुक करू नये. दर बाजाराला मी कनात लावतो, गुलाब बादलीनं पाणी आणि चुना टाकतो, आणि दर वेळी माझं डोकं तापतं. आजच्या काळात, नगरपरिषद असलेल्या गावात, बाजारपट्टी वसूल करून घेणाऱ्या बाजारात, शेकडो बायांची सोय एका मंडपवाल्याच्या पडद्यावर चालावी, ही शरमेची गोष्ट आहे. पावसाळ्यात तो खड्डा भरून येतो. जोराचा वारा सुटला की दोघींना कनात धरून उभं राहावं लागतं. याला कुणी 'लोकसहभाग' म्हणायला लागलं तर मी भांडायला उठतो.

आणि म्हणणारे निघालेच. मागच्या महिन्यात दीपकशेठचा कार्य-अहवाल घरोघर आला. गुळगुळीत कागद, रंगीत छपाई. पहिल्याच पानावर माझ्या लाल-पिवळ्या कनातीचा फोटो होता. 'हार्दिक स्वागत' सुद्धा स्पष्ट वाचता येत होतं. खाली लिहिलं होतं, 'प्राधान्य क्रमांक एक : पूर्ण.'

मी अहवाल गोडाऊनच्या ओट्यावर ठेवून नुसता बसलो होतो, तेवढ्यात त्याचाच फोन आला. आवाज नेहमीसारखा गोड, खड्ड्याबद्दल मनात काही ठेवलेलं दिसत नव्हतं.

"मामा, दिवाळीच्या आधी उद्घाटन उरकून घेऊ. फीत आना, आन् एक झकास मांडव टाका."

"मांडव तिथं आहेच, शेठ," मी म्हटलं. "फीतही आणतो. तुम्ही फक्त वहिनींना आणि आईसाहेबांना घेऊन या. बाजाराच्या दिवशी, भर दुपारी. आधी त्या दोघी सगळ्यांसमोर कनातीच्या आत जाऊन येतील, मग तुम्ही फीत कापा."

त्यानं फोन ठेवला.

फीत मी आणून ठेवली आहे. पारूआक्का दर बाजाराला विचारतात, "आलं का वो मामा, शेटच्या घरचं?" मी नाही म्हणतो. मग त्या बाटली उघडून पाणी पितात आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारतात.